कोपराच्या मापाचं टेबल

घर सोडलं त्या सकाळी बाबांनी मला तेलाच्या रिकाम्या पिप्यावर बसवलं, हात कोपरात वाकवायला सांगितला, जमिनीपासून कोपरापर्यंत कापसाच्या पऱ्हाटीची एक काडी धरली आणि बरोबर तिथं ती मोडली. नागपूरची गाडी तासाभरावर होती. आई दशम्या बांधत होती, तिचा पारा चढला.

"पोरगं पलटणीत चाललं अन् तुम्ही माप घेऊन राहिले. कपडे शिवाचे हायेत काय त्याले?"

"टेबल कराचं हाय," बाबा म्हणाले आणि काडी खिशात ठेवून माझी ट्रंक उचलायला वळले.

आमचं गाव हिंगणघाटच्या पुढं, डांबरी रस्त्याला लागून. बाबा तालुक्याला कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर. मशीनवर काम करणाऱ्या माणसाचा जगाकडे बघायचा एक हिशोबी डोळा असतो, तो त्यांना होता. सैन्यात भरती होणारी आमच्या वस्तीतली पोरं बंदूक बघून जायची. बाबांनी मला भरतीला पाठवलं ते सुटून आल्यानंतरचा विचार करून. "असा ट्रेड घेजो, की सुटल्यावर गावात चालला पायजे. हातातलं काम कोणी हिसकून घेत नाही." लेखी परीक्षेत मी बरा होतो, मला तांत्रिक शाखा मिळत होती. फॉर्म भरणाऱ्या बाबूनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, रेडिओ मेकॅनिक. त्या काळी गावात दर दोन घरांआड एक रेडिओ होता आणि त्यातले निम्मे नादुरुस्त. याहून शहाणपणाची निवड कुणी केली नसती, हे मी आजही छातीठोक सांगतो. तीच तर माझी पंचाईत आहे. चूक झाली असती तर निदान तिला नाव ठेवता आलं असतं.

जबलपूरच्या ट्रेनिंगनंतर पहिल्या सुट्टीवर आलो, तर रस्त्याकडच्या पडवीची खोली झालेली. समोर दुकानासारख्या फळ्या, आत सागाचं टेबल. बाबांनी मला बसवलं आणि माझे दोन्ही कोपर त्यावर टेकले, खांदे न उचलता, पाठ न वाकवता. बाबांनी एकदा वाकून टेबलाखाली बघितलं, पाय डगमगतात का ते.

मग दर सुट्टीला तेच. मी येण्याआधी बाबा गावातले बंद रेडिओ गोळा करून भिंतीवरच्या फळीवर मांडून ठेवायचे. प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. "डोमाजी. नुसता खरखरते." "विहारातला. दुपारी बंद, संध्याकाळी बोलते." "मास्तर. विविधभारती लागते, बातम्या लागत नाही." मी महिनाभर ते उघडायचो आणि बाबा शेजारी स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, पंधरा-सतरा वर्षांचा प्रश्न आहे, मग हा इथंच बसणार. माणसं हसायची. डोमाजी म्हणजे बाबांचे जिनिंगमधले जोडीदार. ते म्हणायचे, "तोवर मी जित्ता राहिलो तं पाहू." आज डोमाजी जिवंत आहेत.

जिनिंग बंद पडली तेव्हा मी सीमेवर होतो. त्याच सुमारास देशात सगळं खुलं झालं म्हणतात. आमच्याकडे फॅक्टरीच्या फाटकाला कुलूप लागलं आणि बाबा घरी आले. त्या दिवसापासून ते रोज सकाळी आंघोळ करून त्या खोलीच्या फळ्या काढायचे, टेबल पुसायचे आणि बसायचे. दुकान सुरू व्हायचं होतं, पण दुकानदाराची सवय त्यांनी आधीच लावून घेतली.

इकडे माझं काम बदलत गेलं. रेडिओ सेट गेले, टेलिफोन एक्स्चेंज आली, मग कॉम्प्युटर आले. आमचे एक सुभेदार साहेब होते, पंजाबचे. मला सोल्डरिंग करताना बघून म्हणाले, "बेटा, यह छोड़, केबल पकड़. आगे सब इसी में जाएगा." मी केबल पकडली. शेवटचं पोस्टिंग पुण्याला लागलं. सुटणाऱ्यांना बाहेरच्या कामाचा कोर्स देतात. माझ्यासमोर दोन कागद होते, एक टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचा, एक नेटवर्किंगचा. पहिल्यावर सही केली असती तर मी गावात असतो. माझ्या दोन लहान मुली तेव्हा पुण्याच्या शाळेत होत्या. मी दुसऱ्यावर सही केली आणि बाबांना फोनवर सांगितलं, "दोन वर्षं फक्त. अनुभव घेतो अन् येतो."

"घे, घे. अनुभव पायजेच," बाबा म्हणाले. "मी दिव्याचं बटण बसवून ठेवतो टेबलापाशी."

माझ्या बरोबर सुटलेल्यांपैकी बहुतेकांना सिक्युरिटीची निळी टोपी मिळाली. मला येरवड्याच्या पुढच्या एका आयटी कंपनीत सर्व्हर रूम मिळाली. नशीब काढलं असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं. बाबांनी गावात अभिमानानं सांगितलं, पोरगा येरवड्याला आहे. लोकांनी तोंडावर हात ठेवून विचारलं, काय केलं हो त्यानं? मग बाबा नुसतं 'पुण्याला' म्हणायला लागले. माझा मॅनेजर माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मला नावानं हाक मारायचा. तो केबिनमध्ये आला की मी उभा राहायचो. तो म्हणायचा, "अरे प्लीज, सिट, सिट." मी बसायचो आणि पुन्हा पुढच्या वेळी उभा राहायचो. विश्रांतवाडीत फ्लॅट घेतला. दोन वर्षांची चार झाली, चाराची आठ. दर दिवाळीला बाबा विचारायचे, "कधी येतं?" मी म्हणायचो, "एवढी दोन वर्षं." सुनंदा, माझी बायको, म्हणायची, "खरं सांगून टाका ना एकदा त्यांना. माणूस वाट बघतंय." मी ऐकून घ्यायचो. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस, पण त्या म्हाताऱ्याला एक वाक्य सांगायची माझ्यात धमक नव्हती. भित्रा होतो, दुसरा शब्द नाही.

गावात आता रेडिओ कोण ऐकतं? टीव्ही बिघडला की नवा आणायचे, मोबाइल तर बिघडायच्या आधीच बदलायचे. फळीवर जुन्या चिठ्ठ्यांचे नऊ रेडिओ तेवढे उरले होते. बाबांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्यांचा निष्कर्ष वेगळा होता. "लोक आणत नाही आता," ते फोनवर म्हणाले, "कारण तू नाहीस ना."

आई गेली त्याच हिवाळ्यात बाबा पुण्याला आले. हातात कपड्यांची पिशवी आणि फडक्यात बांधलेला डोमाजींचा रेडिओ. "म्हटलं, बसल्याजागी करशीन." माझी जुनी हत्यारं माळ्यावर होती, पेटी गंजलेली. मी रेडिओ उघडला. बँड बदलायचा स्विच तुटला होता, किरकोळ काम. रविवारपर्यंत न थांबता शनिवारीच बुधवार पेठेत गेलो, तापकीर गल्लीत सुट्या भागांची तीन दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी तो स्विच चष्म्याजवळ नेला आणि परत माझ्या हातात ठेवला. "अहो, हे दुकान आहे, संग्रहालय नाही. पुढचं गिऱ्हाईक कोण?"

तसाच काही जुगाड करू म्हणून रविवारी डायनिंग टेबलापाशी बसलो. टेबल काचेचं, माझ्या मानानं उंच, खांदे वर यायला लागले. बाबा शेजारी, अगदी पूर्वीसारखे. सोल्डरिंगची तार धरली तर जागा दिसेना. चष्मा लावला तर तार भलतीकडेच टेकली. बोट भाजलं, स्विचशेजारची बारीक तार तुटली ती वेगळीच. झाकली मूठ सव्वा लाखाची होती, ती मी त्या दिवशी बापासमोर उघडली. हात दाखवून अवलक्षण.

"राहू दे," बाबा म्हणाले. "सवय तुटली तुही." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना माझं काम बघायचं होतं. आत बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. फाटकावर शिंदे होते, फौजेतलेच माजी हवालदार. त्यांनी बाबांना स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अदबीनं बाजूला उभे राहिले. बाबा काचेच्या इमारतीकडे बघण्याऐवजी शिंद्यांच्या निळ्या टोपीकडेच बघत होते.

"ह्यायचा ट्रेड कोणता होता?" त्यांनी मला हळू आवाजात विचारलं.

"पायदळ."

"तुह्यं बरं झालं मंग." इमारतीकडे मान वळवून म्हणाले, "अन् तू आत काय दुरुस्त करतं?"

मी खरं तेच सांगितलं. "दुरुस्त नाही करत बाबा. बंद पडू देत नाही. चोवीस तास चालू ठेवावं लागतं."

बाबांनी ग्लासातलं उरलेलं पाणी संपवलं. फिटर माणूस, त्यांना मशीन बरोबर कळायची. "म्हणजे काम संपतच नाही," ते म्हणाले. "मंग कसा येशीन तू."

हा प्रश्न नव्हता. नऊ वर्षं मी जे वाक्य बोललो नव्हतो, ते त्यांनीच बोलून टाकलं. दोन दिवसांनी ते रेडिओ फडक्यात बांधून परत गेले. त्यानंतर फोनवर त्यांनी 'कधी येतं' विचारलं नाही. पुण्यात पाऊस कसा, पोरी कशा, एवढंच. त्या न विचारण्याची मला विचारण्याहून जास्त धास्ती वाटायची.

पुढच्या वर्षी बाबा गेले. झोपेतच गेले. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. सगळं आटोपल्यावर मी त्या खोलीच्या फळ्या काढल्या. भिंतीवरची फळी रिकामी होती, एकही रेडिओ नाही. टेबल पुसलेलं. बटण दाबलं तर दिवा लागला.

डोमाजी मागे येऊन उभे राहिले. "रेडिओ शोधतं काय? तुह्या बापानं घरोघरी वापस केले. सायकलवर नेले एकेक. मले म्हणे, 'माफ कर गड्या, पोरानं चांगला दुरुस्त करून देल्ला होता, येता येता माह्याच हातून पडला.'"

मी बाकीच्या घरी विचारलं. मास्तरांना हेच सांगितलं होतं, फळीवरून पडला. विहारातल्यांना हेच. नऊ घरांत माझ्या बापानं स्वतःला धांदरट ठरवून घेतलं, ज्या माणसाच्या हातून आयुष्यात नट पडला नाही त्यानं. मी एकालाही खरं सांगू शकलो नाही. सांगितलं असतं तर बाप खोटा पडला असता. न सांगितल्यानं मी अजून गावातला सर्वात हुशार मेकॅनिक आहे.

गावी असलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर कुठलं असं मला कुणी विचारलं तर मी विश्रांतवाडीचा पत्ता देतो. तिथं माझी माणसं आहेत, लाइटबिल माझ्या नावावर येतं. फौजेनं वर्दी दिली ती नंबराच्या मापाची. कंपनीची खुर्ची खालीवर होते, कुणालाही चालते. माझ्या मापानं केलेली वस्तू जगात एकच आहे, आणि ती कुलूपबंद खोलीत आहे. एकानं मोबाइलच्या दुकानासाठी ती खोली मागितली होती. टेबलाचे पाय थोडे कापावे लागतील म्हणाला. मी नाही म्हटलं. पुण्याला आणावं तर फ्लॅटच्या जिन्यातून ते वर चढत नाही, मोजून बघितलं. वर्षातून एकदा जातो, कोपर टेकून तासभर बसतो. तिथं दुरुस्त करायला काही नसतं.

परवा गावाहून फोन आला. डोमाजींचा नातू, भरतीत पास झालेला. "काका, कोणता ट्रेड घेऊ? सुटल्यावर चांगली नोकरी लागली पायजे."

मी त्याला नीट समजावून सांगितलं. तांत्रिकच घे, नेटवर्कवालं काही मिळत असेल तर सोडू नको, कोर्स मिळतील तितके कर, इंग्रजी सुधार. एकही शब्द चुकीचा नव्हता. तो लिहून घेत होता. मागे डोमाजींचा खोकला ऐकू येत होता, म्हणजे फोन स्पीकरवर लावलेला होता आणि म्हातारा कान देऊन बसला होता.

"अन् काका," पोरगा म्हणाला, "सुटल्यावर आपल्या गावातच येता येईन ना मले?"

खोकला थांबला.

"येता येईल की," मी म्हटलं.