भूपेंद्रची मूठ

पहाटेपासून श्रावणाची भुरभुर लागलेली. चोपड्याकडच्या शिवारात ताईबाई केळीची पिलं कापत होती. बुंध्याशी फुटलेली पिलं तशीच ठेवली तर मोठी केळ पोसत नाही. कमरेला खोचलेला फोन वाजला असं वाटून तिचा विळा मधूनच थांबायचा.

रविवारी कानबाई, श्रावणात घरी बसवायची कुळाची देवी. त्यांच्या भाऊबंदकीत जो पुरुष हजर, त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू रोटाला, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांना घ्यायचे. रोट भाऊबंदांनीच खायचा, पुनवेच्या आत संपवायचा, बाहेर द्यायचा नाही. नवरा गेल्यापासून तिच्या घरची मूठ एकच, पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत असलेल्या लेकाची, भूपेंद्रची. तो आला नाही तर तिच्या घरचा दाणाच नाही.

फोन खरंच वाजला.

"कधळ येशी रे भाऊ?"

"आई, यूएटी चालू शे. ती व्हयनी का येस."

"ती कोन शे?"

"बाई नही शे व माय!" भूपेंद्र हसला. मागून कुणीतरी त्याला इंग्रजीत हाक मारली नि फोन बंद.

मागच्या वर्षी गो-लाइव्ह होतं. त्याआधी डीआर, तेव्हा डॉक्टर समजून तिने नवस बोलला होता. लेकाला घरी येऊ न देणारी कंपनीची ही सगळी कामं तिला माणसंच वाटायची.

संध्याकाळी दिराच्या ओट्यावर तिने यूएटी म्हणजे काय ते विचारलं. पुतण्या स्वप्नील कॉम्प्युटर क्लास चालवतो. म्हणाला, "नवा प्रोग्रामनी एक दिननी परीक्षा ऱ्हास, काकू. येई भूपेंद्र."

"एक दिन?" दीर पितांबर बँकेतून निवृत्त झालेले. "वहिनी, आमना बँकमा ती सुरू व्हयनी, मी रिटायर व्हई गऊ, तरी चालूच व्हती!"

सगळे हसले. तीही हसली.

गहू घेताना जाऊ सुनंदाबाईने सूप पुढे केलं. "तुना घरनी मूठ लेऊ का?"

"ले. येई तो."

लेकाचा पंजा मोठा, म्हणून तिने मूठ शिगोशीग भरली.

रविवारी चोपड्याची शेवटची गाडी आली, रिकामी होऊन गेली. मोबाइलवर इंग्रजीत दोन शब्द आले. स्वप्नीलने वाचले, मान खाली घातली. "परीक्षा वाढनी, काकू."

पंगतीत भूपेंद्रच्या वाट्याला कुणी हात लावला नाही. तिने तो फडक्यात बांधून घरी आणला.

सोमवारी कानबाई नदीवर पोचवून आल्यावर ती एकटीच बसली. त्याच्या वाट्याचा तुकडा दुधात मोडला, खाल्ला. पोट भरलं तरी अजून बराच उरला होता; पुनवेला अजून दिवस होते. उरलेला तिने परत फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवला. विळा घेतला नि बागेकडे निघाली. दोन ओळींची पिलं कापायची राहिली होती.