खंडेनवमीचं पिस्तूल

आमच्या आत्याने एका माणसाला मारण्यात दोन वर्षं घालवली, आणि दर वेळी त्यानेच तिला आधी मारलं. ग्वाल्हेरात मी ही गोष्ट सांगायला लागलो की ऐकणारा खुर्ची पुढे ओढतो. म्हणून पुढचं वाक्य मी मुद्दाम जरा उशिराच बोलतो. तो माणूस काचेच्या आत होता.

शिंदे की छावनीत आमच्या घराच्या तळमजल्यावर माझं गेम्सचं छोटं दुकान होतं. सिटी सेंटरमधला एक मॉल बंद पडला, तेव्हा तिथून मी एक जुनं मशीन उचललं. कपाटाएवढा डबा, आत ढेरपोट्या काचेचा जुन्या पद्धतीचा टीव्ही, पुढे प्लास्टिकचं म्यान आणि वायरीने बांधलेलं पिस्तूल. त्या खेळात चित्रं नव्हती, खरी माणसं होती. कुठल्याशा परदेशी वाळवंटात घोडे, टोप्या आणि लाकडी घरं जमवून त्यांचं शूटिंग केलेलं. डाकू खिडकीतून डोकावतो, छपरावरून उठतो, आपण नेम धरून चाप ओढायचा. पडदा क्षणभर पांढरा होतो, पिस्तुलाच्या नळीतला काचेचा डोळा तो उजेड बघतो आणि डाकू कठड्यावरून खाली कोसळतो. नट सगळे सुमार होते. गणेशोत्सवाच्या नाटकांत मी स्वतः इतक्या वेळा मेलो आहे, की पडणाऱ्याने कोपर आधी टेकवलं की नंतर, हे मला लांबूनच कळतं. हे सगळे आधी टेकवत.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली, राहायला वरच्या मजल्यावर. एका सकाळी मला पोहे द्यायला खाली आली, गंमत म्हणून पिस्तूल उचललं, आणि पोहे गार झाले. तेव्हापासून दुपारची झोप संपली की ती पदर खोचून खाली हजर. हात स्थिर, नजर तिखट. छपरावरचे, पिंपामागचे, बँकेतले, सगळे डाकू ती तांदळातले खडे वेचावेत तशी वेचायची.

अडायचं ते शेवटी. शेवटी काळ्या टोपीचा, मोठ्या मिश्यांचा म्होरक्या रस्त्याच्या मधोमध उभा राहतो आणि इंग्रजीत लांबलचक भाषण करतो. नियम असा, की त्याचा हात स्वतःच्या पिस्तुलाकडे जाईपर्यंत आपलं पिस्तूल खाली ठेवायचं. आधी उचललं तर तो गोळी घालतो आणि खेळ पहिल्यापासून. आत्याला भाषण सोसवत नसे.

“किती बोलतो मेला!” असं म्हणून ती पिस्तूल उचलायची आणि मरायची. मग पडद्यावर काळा कोट घातलेला, प्रेतं पुरणारा एक म्हातारा यायचा आणि तिला बघून खदाखदा हसायचा.

“याला तर मी बघूनच घेईन,” ती म्हणायची. “आणि हा दुसरा बदतमीज, याला हसायला पगार मिळतो का?”

“आत्या, भाषण संपू दे ना. मी अर्थ सांगतो तुला.”

“नको तुझं भाषांतर. तू मूळचं कमी आणि पदरचं जास्त सांगतोस.”

हा आरोप खरा आहे.

आमचं घराणं फौजेबरोबर दक्षिणेतून आलेलं. लढायला आलो, आणि लढाया संपल्यावर इथेच राहिलो. घरात एक तलवार होती. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा ती धाकट्या काकांकडे गेली आणि त्यांच्या मुलाबरोबर पुण्याला. तिथे ती सोफ्याच्या वर टांगली आहे, मी फोटो पाहिलाय. तेव्हापासून खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शस्त्रांच्या पूजेला आमच्याकडे शस्त्र म्हणून विळी. विळी, कात्री आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. आत्या दर वर्षी कुंकू लावताना एकच वाक्य बोलायची, “शिपायांचं घर, आणि पुजायला काय? विळी!”

यंदा दुकान बंद करायचं ठरलं, जागा कोचिंग क्लासला दिली. मशीन झाशीच्या एका हॉटेलवाल्याने घेतलं. त्याची अट एकच, मशीन दसऱ्याच्या मुहूर्तावर, दुपारच्या आत, त्याच्या दारात उतरायला हवं. म्हणजे टेंपो सकाळीच येणार. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “म्हणजे नवमीची संध्याकाळ माझी.”

नवमीला सकाळी मी खाली उतरलो तर मशीनपुढे रांगोळी. चौरंगावर तांबडं कापड, त्यावर वायरीसकट पिस्तूल, झेंडूचा हार, नळीच्या टोकाला हळदीकुंकवाचं भरघोस बोट, वर अक्षता. शेजारी विळी, जरा कोपऱ्यात सारलेली. आत्या हात जोडून उभी. इतकं खूश मी तिला वाटण्या झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

“बघ,” ती म्हणाली. “आता शोभतंय की नाही शिपायांचं घर?”

“शोभतंय. पण आत्या, पुजलेल्या शस्त्राला उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नसतो ना?”

“मुळीच नाही. दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा, मगच.”

“मग आज संध्याकाळी?”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पिस्तुलाकडे, मग विळीकडे. शेवटची संध्याकाळ तिने स्वतःच्या हाताने कुंकू लावून बंद केली होती.

मी सुचवलं की उत्तरपूजा आजच उरकू. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी नवा मुहूर्त शोधायचं सोडून दिलं. संध्याकाळी ती खाली आली, पिस्तुलासमोर स्टुलावर बसली, वाती वळल्या आणि वर गेली. पडद्यावर घोडे आपले आपले पळत होते.

दसऱ्याला ती अंघोळीला गेली आणि टेंपो आला. अर्धा तास आधी. ड्रायव्हर आणि दोन हमालांनी मशीन हारासकट उचलून मागे चढवलं, दोर आवळले. आत्या ओल्या केसांनी, हातात ताम्हन घेऊन जिना उतरली, तर चौरंग रिकामा.

“अरे! शस्त्र कुठाय?”

“टेंपोत.”

“मग स्टूल आण.”

स्टुलावर पाय देऊन ती टेंपोत चढली. ड्रायव्हर घाबरला. “भाईसाब, अम्माजी भी झाँसी जाएँगी क्या?”

“नहीं. इन्हें एक आदमी को मारना है. चाय पियोगे?”

“सेठ का मुहूरत निकल जाएगा, भाईसाब.”

“सेठ से कहना, गोली चल रही थी.”

दुकानातून एक्स्टेंशन बोर्ड ओढला, मशीन सुरू झालं. आत्याने अक्षता टाकून उत्तरपूजा केली, पिस्तूल कपाळाला लावलं आणि पहिल्याच डाकूवर चाप ओढला. काही नाही. डाकू उभाच. पुन्हा. तोही उभाच. बाहेर लखलखीत ऊन, पडदा फिका, तिथे पिस्तुलाच्या डोळ्याला काय दिसणार? म्हणून टेंपोची ताडपत्री सगळीकडून ओढून घेतली. आत काळोख झाला. तरी काही नाही. मोबाइलच्या उजेडात मी नळीत पाहिलं. आतल्या काचेवर कुंकवाचा लालभडक थर आणि त्याला चिकटलेला तांदळाचा एक दाणा. पूजा अगदी मनापासून झाली होती. तिनेच आदल्या संध्याकाळी वळलेल्या वातीने मी तो डोळा पुसला.

“आता बाहेर जा,” ती म्हणाली. “आणि उजेड आत येऊ देऊ नकोस.”

तर मी बाहेर, ताडपत्रीची एक बाजू दोन्ही हातांनी धरून. दुसरी बाजू ड्रायव्हरने धरलेली, दातांत बिस्किट. आतून गोळ्यांचे आवाज, घोड्यांचं खिंकाळणं. दसऱ्याची सकाळ, झेंडू घ्यायला निघालेली माणसं थांबू लागली. “क्या हो रहा है अंदर?” एकाने विचारलं. आता एवढे प्रेक्षक समोर, पडदा माझ्या हातात, आणि मी गप्प बसणार? मी सगळं सांगू लागलो. बँक लुटली, छपरावरचा पडला, पिंपामागचा गेला. दिसत काहीच नव्हतं, पण दोन वर्षं ऐकून आवाज पाठ होते.

मग घोडे थांबले आणि त्याचा आवाज आला. मिश्यांवाल्याचं भाषण. ड्रायव्हरसुद्धा चावायचा थांबला. आत्या आता पिस्तूल उचलणार, काळा कोटवाला हसणार आणि टेंपो झाशीला जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी घसा साफ केला आणि रंगमंचावरच्या आवाजात त्याचं भाषण मराठीत सुरू केलं.

“बाई! या रस्त्यावर आजवर पुष्कळ आले. पण विळी पुजणाऱ्या घरातलं माझ्यासमोर कोणी उभं राहिलं नव्हतं! तलवार कुठाय तुमची? सोफ्याच्या वर? तिला म्हणावं, पंख्याची हवा खा! मी इथे उभा आहे. घाई असेल तर आत्ताच उचला. घाई हीच तुमच्या घराण्याची खोड...”

आतून आवाज नाही. ती ऐकत होती. मूळ भाषण संपत आल्याचं मला सुरावरून कळलं, मी गप्प झालो. त्याचे बूट वाळूत करकरले. मग एकच गोळी.

मी हसण्याची वाट पाहिली. काळा कोटवाला हसला नाही. उलट बँडबाजा वाजायला लागला, जो आमच्या दुकानात कधी कोणी ऐकला नव्हता.

ताडपत्री बाजूला झाली. आत्याच्या कपाळाला कुंकू फासलेलं, पिस्तूल कपाळाला लावताना लागलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच जणांना कशाबद्दल, ते माहीत नव्हतं.

“काय झालं शेवटी?” मी विचारलं.

“काही नाही. पडला. टोपी घरंगळत गेली. लोक नाचले, मग पुन्हा पहिल्यापासून खेळा म्हणून आलं.” तिने ताम्हन उचललं. “कोपर मात्र नंतर टेकलं हं त्याचं.”

तिने ताम्हनातली शमीची पानं, म्हणजे आमचं दसऱ्याचं सोनं, आधी ड्रायव्हरला दिली, मग हमालांना, मग रस्त्यावरच्या जो हात पुढे करेल त्याला. एक डहाळी मशीनच्या म्यानात खोचली आणि वर पिस्तूल ठेवलं. टेंपो नया बाज़ारच्या दिशेने निघाला. ती कोपऱ्यावर तो वळेपर्यंत उभी होती, मग जिन्याकडे वळली. पहिल्या पायरीवर थांबली.

“एक सांग. ते विळीचं, तो बोलला की तू?”

“तोच बोलला, आत्या. शब्दाला शब्द.”

तिने पदर पुन्हा खोचला.

“मग बरंच झालं मारला,” ती म्हणाली, आणि चौरंगावरून घसरून खाली पडलेली विळी उचलून पुरणाच्या तयारीला वर गेली.