मोटरची घरघर आणि काकूंचा शेरा

कंपनीत त्यांना सगळे कानवाले काका म्हणत. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून कान इतका तयार झाला होता, की दार सरकल्याबरोबर ते सांगत, चाक झिजलंय की तेल आटलंय. बोलायचं म्हटलं की मात्र जिवावर यायचं. लिफ्टचे आवाज ते स्वतःच्या मोबाईलवर टिपून घेत. कंपनीने फोन दिला नव्हता, आणि काका काही मागतील तर सूर्य पश्चिमेला उगवायचा.

रेकॉर्डिंगला नाव टाइप करायचा त्यांना भारी कंटाळा. मग संध्याकाळी घरी काकू भाजी निवडता निवडता तो आवाज ऐकायच्या आणि त्याच रेकॉर्डिंगच्या शेवटी बोलून ठेवायच्या. “दवाखान्याची लिफ्ट. दार कुरकुरतंय. आधी तेल घाला, मग पाना उचला. तुम्हाला उगाच सगळं खोलायची खोड.” जन्मात लिफ्टचं यंत्र न पाहिलेल्या या बाईचं दहातल्या आठ वेळा बरोबर निघे. लेकीने उघडून दिलेल्या क्लाउडच्या खात्यात अशी चारशे रेकॉर्डिंग जमली. काकूंना जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

अशात एका मेकॅनिकचा फोन हरवला. त्यात गिऱ्हाइकांच्या दारांचे कोड होते. कंपनीची झोप उडाली आणि फर्मान निघालं. प्रत्येकाने आपल्या फोनवर कंपनीचं अ‍ॅप घ्यायचं, कामाचं सगळं कंपनीच्या क्लाउडवर चढवायचं आणि स्वतःच्या खात्यातून पुसायचं. फोन हरवला तर कंपनी तो लांबूनच कोरा करणार. ज्याच्याकडे अ‍ॅप नाही, त्याला पहिल्या तारखेपासून काम नाही. माणसाच्या खिशात काय काय असतं, हे फर्मान काढणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

काकांनी तीन आठवडे टोलवाटोलवी केली. आज चार्जिंग नाही, उद्या चष्मा विसरला. शेवटी संगणक विभागाच्या ताईच त्यांच्या हत्यारांच्या पेटीशेजारी स्टूल ओढून बसल्या.

“काका, काही लपवायचंय का?”

काकांनी एक रेकॉर्डिंग लावलं. आधी मोटरची घरघर, मग काकू. ताई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

“अशी किती आहेत?”

“चारशे. कामाचीच आहेत, खोटं कशाला बोलू? पण पुसली तर ती पुन्हा एकदा जाईल. मला ते झेपायचं नाही, ताई.”

इतकं सलग काका कंपनीत पहिल्यांदाच बोलले होते.

ताई आठवडाभर साहेबांच्या मागे लागल्या आणि नियम बदलून घेऊनच आल्या. आता प्रत्येक फोनमध्ये दोन कप्पे, एक घरचा आणि एक कंपनीचा, क्लाउडवरून सगळ्या शाखांना दिसणारा. कंपनी पुसेल तर फक्त आपला कप्पा, घरच्या कप्प्याला हात लावणार नाही. “तुमची रेकॉर्डिंग तुमच्याकडे अख्खी राहतील,” त्या म्हणाल्या. “कंपनीच्या कप्प्यात फक्त लिफ्टचा आवाज ठेवते. काकूंचा कापून टाकते, तो घरचा आहे.”

काकांनी बराच वेळ फोन हातात फिरवला. “कापू नका,” ते म्हणाले. “ती असल्याशिवाय त्या आवाजातून कुणाला काय कळणार?”

महिनाभराने दुसऱ्या शाखेतल्या एका मेकॅनिकबाईचा त्यांना फोन आला. “काका, शाळेची लिफ्ट अडकतेय. कंपनीच्या कप्प्यात अगदी असाच आवाज सापडला. काकू म्हणतात, आधी तेल घाला. मला नाही पटत. सगळं खोलावंच लागेल.”

दोन वर्षं काकूंचा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणत. ही बाई काकूंशी चक्क वाद घालत होती.

“तेल घाला,” ते म्हणाले. “तिच्याशी वाद घालून मी कधी जिंकलो नाही. आणि फोन ठेवू नका, दार सरकताना मला ऐकू द्या.”