अक्कांच्या बोटाला जमेल असा कॅमेरा

श्रावणातल्या रविवारी फैजपूरला काढलेला आपल्या कुटुंबाचा फोटो मी तुम्हाला पाठवला, तेव्हा तुम्ही दोघांनी एकच गोष्ट विचारलीत. फोटोच्या मधोमध लालसर धुकं का आहे, आणि आजीनं हौसेनं घेतलेला कॅमेरा बिघडलेला निघाला का? कॅमेरा उत्तम आहे. धुक्याचं कारण फोनवर दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं नाही. शिवाय ते सांगताना मला एका माणसाचं कौतुकही करायचं आहे, म्हणून लिहूनच पाठवते.

फैजपूरला माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात, त्या तुमच्या मोठ्या आजी. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्या मुलाचं लग्न होऊन तीन वर्षं झाली. त्याची बायको साक्रीकडची. नात्यानं ती तुमची काकू, पण इथे मी तिला सून म्हणते, कारण मनानं ती मला सुनेसारखीच आहे. मला ती लहानआई म्हणते.

गेल्या तीन वर्षांत तुम्हाला घरचे जे फोटो मिळाले, ते बहुतेक सगळे तिनं तिच्या फोनवर काढलेले आहेत. तुम्हाला आवडलेला केळीच्या बागेतला फोटो आठवून पाहा. आबा, म्हणजे अक्कांचे यजमान, खांद्यावर केळीचा घड घेऊन पाटाच्या कडेनं येताहेत आणि त्यांचा चेहरा घडाआड आहे. तरी चाल पाहून कुणीही म्हणेल, हे आबाच. दुसऱ्या एका फोटोत अक्का पाठमोऱ्या आहेत आणि त्यांच्या मानेवर पिठाची चार बोटं उमटली आहेत. माणसं ‘आता फोटो’ म्हणून ताठ होतात, त्याच्या आधीचा किंवा नंतरचा क्षण ती टिपते. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि निरीक्षणावर पुष्कळ बोलले, पण असं पाहणं मला कधी जमलं नाही.

यंदा संक्रांतीला मी फैजपूरला होते. सून ओट्याशी उभी राहून तिच्या आईशी फोनवर बोलत होती. हात कामात होते म्हणून स्पीकर चालू होता. आई अहिराणी बोलते; त्यात बठ्ठा म्हणजे सगळे आणि शे म्हणजे आहे.

“बठ्ठा शेतस फोटोमा, तूच नही शे,” आई म्हणाली. “तू त्या घरमा शे का नही?”

सून हसली. “अगं आई, जो फोटो काढतो तो फोटोत कसा येईल?”

“तीन वरीस व्हयनात पोरी. शेजारणी इचारतस, तुमनी पोर कथी शे? मी काय दखाडू?”

शेजारणी ‘तुमची पोर कुठे आहे’ विचारतात, तर मी काय दाखवू, असं आईचं म्हणणं. त्यावर सुनेनं विषय बदलला. मीही ते बोलणं गमतीवारीच नेलं. साक्री ते फैजपूर म्हणजे एसटीनं अख्खा दिवस. आईच्या गुडघ्यांनी प्रवास होत नाही आणि सुनेला केळीच्या कामातून सवड मिळत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी त्याचा अर्थ मी लावला नाही.

मी लावला तो वेगळाच. तुम्हाला तिच्या फोटोंची इतकी ओढ, तर तिला चांगला कॅमेरा द्यावा असं मी ठरवलं. मग माझ्या स्वभावाप्रमाणे तयारीला लागले. जळगावात आपल्या पिंप्राळ्याच्या घरी रोज दुपारी तासभर वाचन केलं आणि वहीत सात मुद्दे काढले. कॅमेरा वजनाला हलका हवा. त्याला डोळा लावून पाहायची खिडकी हवी, कारण बागेतल्या उन्हात पडद्यावरचं काही दिसत नाही. पुढेमागे भिंग बदलता यावं. हात हलला तरी चित्र हलू नये. जास्तीची बॅटरी मिळावी. दुरुस्ती जळगावातच व्हावी. आणि सातवा मुद्दा, नवशिक्याला घाबरवणारी बटणं कमीत कमी असावीत. वही पाहून तुमचे आजोबा म्हणाले, “जावई शोधतानाही तू इतके मुद्दे काढले नव्हतेस.”

श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाआधी सूनबाई बाजाराला जळगावला आली, तेव्हा मी तिला दुकानात घेऊन गेले. दुकानदार पूर्वी लग्नांचे फोटो काढायचे, आता कॅमेरे विकतात. मी माझे सात मुद्दे वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि यादीतल्या प्रत्येक मुद्द्याला उतरणारे तीन कॅमेरे काचेवर मांडले. “घ्यायचाच आहे तर हा मोठा घ्या मॅडम,” ते म्हणाले. “माणूस शिकत जातो, कॅमेरा पुरला पाहिजे.”

सुनेनं तिन्ही हातात घेतले. मग तिनं जे केलं ते पाहून दुकानदार गोंधळले. तिनं पदराचं टोक उजव्या हाताच्या तर्जनीभोवती गुंडाळलं आणि त्या जाड बोटानं प्रत्येक कॅमेऱ्याचं बटण दाबून पाहिलं. मोठ्या कॅमेऱ्याचं बटण दोन वेळा चुकलं. मग ती मला म्हणाली, “लहानआई, चष्मा काढून या खिडकीतून बघा बरं.” मी पाहिलं. समोरचं कॅलेंडर पुसट होतं. खिडकीशेजारी एक बारीक चाक होतं, ते तिनं हळूहळू फिरवलं आणि कॅलेंडरावरच्या तारखा स्पष्ट झाल्या.

“ताई, फोटो तुम्ही काढणार की कुणी दुसरं?” दुकानदारांनी विचारलं.

“मीच काढणार. पण माझा कोण काढणार?” ती म्हणाली.

“मिस्टर काढतील की फोनवर.”

“मग ते नसतील फोटोत.”

“टायमर लावा. दहा सेकंद देतो तो.”

ती म्हणाली, “टायमरनं निघेल हो. पण आमच्या अक्कांनी काढावा असं मला वाटतं. घरातल्या माणसानं मला बघून काढलेला. फोनच्या काचेला त्यांचं बोट कळतच नाही. खूपदा करून पाहिलं त्यांनी.”

ते खरं होतं. कापूस वेचून, केळीचा चीक लागून, भाकरी थापून अक्कांची बोटं अशी झाली आहेत की काच त्यांना दाद देत नाही. फोटो काढायला म्हणून त्या काचेवर बोट ठेवतात, काही होत नाही, मग जोरानं दाबतात, तरी होत नाही. शेवटी “याले मी नही आवडत” असं म्हणून फोन परत देतात. आम्ही सगळे हसायचो. ते का होतं याचा विचार एकट्या सुनेनं केला होता.

मला त्या क्षणी माझ्या वहीची लाज वाटली. सात मुद्द्यांत मी उन्हाचा विचार केला, बॅटरीचा केला, पण कॅमेरा हातात दिला की ती कायमची फोटोबाहेर राहील, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. भेट म्हणून मी तिला एक काम द्यायला निघाले होते. आणि तिनं तक्रारीचा एक शब्द न काढता त्याच भेटीतून स्वतःसाठी वाट काढली होती.

आम्ही मधला कॅमेरा घेतला. त्याचं बटण वाटाण्याएवढं, खरंखुरं दाबलं जाणारं. दुकानदारांनी एक हिरवी खूण दाखवली. वरचं मोठं चाक त्या खुणेवर ठेवलं की बाकी सगळं कॅमेरा स्वतः पाहतो.

आता लाल धुकं. कानबाई बसते त्या रविवारी आपलं सगळं कुळ फैजपूरला जमतं, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल. देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ धान्य घेतात. थोरल्यापासून नावं घ्यायची ती अक्कांनी, आणि एकही नाव आजवर चुकलेलं नाही. त्या दिवशी सुनेनं नवा कॅमेरा देवीसमोर ठेवला. आपल्या घरात ट्रॅक्टर येवो नाहीतर मिक्सर, अक्का हळदकुंकू लावल्याशिवाय वापरू देत नाहीत. त्यांनी कॅमेरा उचलून चारही बाजूंनी पाहिला.

“याचं कपाय कोनतं?” त्यांनी विचारलं. कपाय म्हणजे कपाळ. कुणी काही सांगण्याआधीच त्यांनी भिंगाच्या बरोबर मध्यावर ओलं कुंकू टेकवलं आणि वर दोन तांदूळ चिकटवले.

माझा हात रुमालाकडे गेला. सुनेनं मला डोळ्यांनी थांबवलं. तांदूळ आपोआप गळाले, कुंकू राहिलं. ती बाहेरच्या ओट्यावर जाऊन कॅमेऱ्याच्या खिडकीतून कितीतरी वेळ पाहत राहिली. नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मधोमध धुकट दिसतं, कडेला स्वच्छ आहे. राहू द्या. उद्या देवी उठेपर्यंत नको पुसायला, अक्कांना वाईट वाटेल.”

मग तिनं माणसं लावली. पुरुष आणि लेकरं डाव्या बाजूला, आम्ही बायका उजव्या बाजूला, मध्ये देवीची फुलं. पण आबा सरळ येऊन मधल्या खुर्चीत बसले. घरातला कर्ता पुरुष मध्येच बसतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत.

“आबा, थोडं इकडे सरकता का?” सुनेनं विचारलं.

“कायले? मी काय पाहुना हाये का?”

तिनं त्यांना तिथेच राहू दिलं. कॅमेरा तिनं अक्कांच्या हाती दिला, बारीक चाक त्यांच्या डोळ्याला लावून दिलं आणि बटणावर त्यांचं बोट ठेवून दाखवलं. अक्का कुरकुरल्या, “मले नही जमत बा हे.” पण बटण दाबल्यावर खट् असा आवाज झाला आणि त्या थबकल्या. त्यांच्या बोटाला पहिल्यांदा उत्तर मिळालं होतं. पहिले चार फोटो आमच्या पायांचे आले. पाचव्यात छत आलं.

सून तोवर येऊन उजव्या कडेला, माझ्या पलीकडे उभी राहिली. सगळे चौकटीत आहेत का हे पाहायला अक्कांनी त्यांना येणारी रीत वापरली. खिडकीला डोळा लावून त्या थोरल्यापासून नावं घेऊ लागल्या, रोटांच्या वेळी घेतात तशी, आणि प्रत्येक नावापुढे “अन् ह्याची” म्हणून त्याच्या बायकोलाही शोधू लागल्या. मुलाच्या नावाशी आल्या आणि सवयीनं ‘ह्याची’ न म्हणता पुढे गेल्या. तीन वर्षं ‘ह्याची’ नेहमी फोन धरून समोर असायची ना. नावं संपली. अक्कांचा डोळा खिडकीलाच होता.

“ही आठी कायले उभी हाय?” म्हणजे, ही इथे का उभी?

सगळे हसले. सून हसली नाही. ती नुसती कॅमेऱ्याकडे पाहत राहिली. अक्काही हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “बाई, कडेले काहून? अजून आत सरक.”

“इथेच बरी आहे, अक्का. इथे स्पष्ट दिसते.”

“हाओ, दिसून राह्यली,” अक्का म्हणाल्या. “पदर नीट घे. हालू नका कोनी.” आणि खट्.

तोच फोटो तुमच्याकडे आला. मध्ये गुलाबी ढगात बसलेले ते आबा. फोटो पाहून ते म्हणाले, “मी तं जित्तेपनीच सर्गात गेलो.” उजव्या कडेला, जिथे सुनेला कुणी बसवलेलं नव्हतं, तिथे तिचा चेहरा सगळ्यांत स्वच्छ आहे.

त्याच संध्याकाळी तिनं तो फोटो साक्रीला पाठवला आणि आईला फोन लावला. मी शेजारी वाती वळत होते. आई दर फोनची सुरुवात “जेवनी का?” अशी करते. त्या दिवशी ते राहूनच गेलं.

“आई, दिसतेय ना मी?”

“दखी राहिनू ना,” आई म्हणाली. “थांब जरासं.” मग तिनं विचारलं, “कोनी काढा हाऊ फोटो?”

“अक्कांनी.”

“सासूनी?”

“हो.”

“तिनी काढा,” आई स्वतःशीच म्हणाली. मग फोन ठेवत नाही तोवर शेजारणीला हाक मारल्याचं आम्हाला ऐकू आलं: “ओ बाई, अठे ये. मनी पोर दख.”