मे महिन्यातला बर्फ

बर्फावर घसरायला शिकायचं आहे, हे मी सासरी बोलून दाखवलं ही माझी पहिली चूक. दुसरी चूक पुढे केली. ती जास्त मोठी होती, पण त्या वेळी मला ती चूक वाटलीच नाही. उलट फार मोठा शहाणपणा वाटला होता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. तिरक्या फळीवरून लाकडी ठोकळा सोडायचा आणि घर्षण मोजायचं, हा प्रयोग मी पंधरा वर्षं मुलांकडून करून घेतला. फळीवर कॅरमची पावडर टाकली की ठोकळा सुळकन खाली येतो. एका वर्षी तो येताना बघून मला वाटलं, ठोकळा पुरे झाला, आता आपणच एकदा घसरून बघावं. हसण्यासारखं आहे, हसा. पण खरं सांगते, स्वतःसाठी म्हणून इतकं हवंसं मला त्याआधी काही वाटलं नव्हतं, नंतरही वाटलेलं नाही.

मग मी शोधायला बसले. स्कीइंग म्हटलं की इंटरनेटवर आधी स्वित्झर्लंड येतं, मग काश्मीर, आणि त्यांच्या किमती वाचून आमच्यासारख्यांनी गुपचूप उठून स्वयंपाकाला लागायचं असतं. मी उठले नाही. उत्तराखंडात औलीला एका सरकारी विश्रामगृहात नवशिक्यांसाठी सात दिवसांचा वर्ग असतो, हे मला आठवडाभराने सापडलं. राहणं, जेवण, शिकवणारा, स्की, बूट, सगळं एकाच फीमध्ये. औरंगाबादहून दिल्लीपर्यंत स्लीपरने, पुढे हरिद्वारला बस, तिथून जोशीमठापर्यंत शेअर जीप. कपडे विकत घेण्याचा मूर्खपणा करायचा नाही. आतले गरम कपडे आपले, पाणी न शिरणारी पँट आणि हातमोजे तिथं भाड्याने. जीन्स घालून बर्फात पडलं की ती भिजते आणि अंगावरच थिजते, हेसुद्धा मी वाचून ठेवलं होतं. एकटीला परवडेल असा नेटका बेत होता तो, आणि मला त्याचा अभिमान होता.

एकच अडचण होती. वर्ग जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतच चालत, आणि वयाची अट होती चाळीस. येत्या एप्रिलमध्ये मला चाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे माझ्या हातात हा एकच हिवाळा होता.

ती लागोपाठच्या दुष्काळांची वर्षं. नाथसागरात किती पाणी उरलंय ते रोज पेपरात पहिल्या पानावर यायचं आणि लोक ते चहाबरोबर वाचायचे. आम्ही औरंगाबादच्याच सातारा परिसरात नवं घर बांधलं होतं. खाली मोठे दीर आणि जाऊबाई, वर आम्ही, आणि सासूबाई ज्या दिवशी जिच्यावर खूश तिच्याकडे. नळ तिकडे आलेला नव्हता, बोअर आटला होता. सगळं टँकरवर. टँकर यायच्या दिवशी घरात माणूस नसलं तर तो पुढच्या घराच्या हौदात रिकामा होऊन निघून जाई. त्यामुळे आमच्या गल्लीत लग्नाचं आमंत्रण आलं तरी लोक आधी टँकरची पाळी बघत.

आणि अशा त्या कोरड्या ठक्क दिवसांत आमचे मोठे दीर प्लॉट विकत होते. बायपासच्या पलीकडे कुणाच्या तरी शेतात चुन्याच्या रेघा मारायच्या, कमान उभी करायची आणि पत्रकावर निळाशार पोहण्याचा तलाव छापायचा. तिथल्या बोअरमधून निव्वळ धुरळा निघाला होता, तो मी स्वतः पाहिला होता. तरी गिऱ्हाईक हटत नव्हतं. पाण्यापायी गाव सोडून आलेली माणसं शहरात येऊन पुन्हा बिनपाण्याचीच जागा विकत घेत होती, आणि दीर त्यांना पेढे वाटत होते. मला त्या माणसाची चीड होती. त्यांच्या पांढऱ्या बुटांची, खिशातल्या दोन मोबाईलची, आणि मला 'मॅडम' म्हणण्याची तर फारच.

माझ्या बेताची खबर त्यांना माझ्या नवऱ्याकडून लागली. रविवारी सगळे खालच्या हॉलमध्ये जमले आणि चहा संपायच्या आत माझ्या सहलीचं लग्नाचं वऱ्हाड झालं. जाऊबाई, त्यांची तिन्ही मुलं, सासूबाई, पैठणची नणंद, तिचे मालक, त्यांची आई. दीर आणि आम्ही दोघं धरून अकरा माणसं. दोघांनी कुठं जावं हेच या घराला रुचत नाही, तिथं एकटी बाई तर बोलायलाच नको. दिरांनी मोबाईलवर नकाशा मोठा करून सगळ्यांना दाखवला. "मॅडमनी लई भारी जागा काढली बरं का. तिथूनच पुढं बद्रीनाथ हाय. एकाच खर्चात देव बी होतंय आन् बर्फ बी."

सासूबाईंनी लगेच हात जोडले. बद्रीनाथाची दारं हिवाळ्यात बंद असतात, मे महिन्यात उघडी असतात, पोरांच्या शाळांना सुट्टी मेमध्ये. ठरलं, मे.

मी सांगितलं, मेमध्ये तिथं बर्फ नसतो. सगळ्यांना हसू आलं. त्यांच्या ओळखीचं जे कुणी बर्फात जाऊन आलं होतं ते मेमध्येच गेलेलं. मनाली म्हणू नका, रोहतांग म्हणू नका. प्रत्येकाच्या घरी भाड्याचा लालभडक कोट आणि रबरी बूट घालून बर्फाचा गोळा उचललेला फोटो, आणि प्रत्येक फोटो उन्हाळी सुट्टीतला. यांच्या डोक्यात बर्फ ही उन्हाळ्यात बघायची गोष्ट. हिवाळ्यात कुणी थंडीत जातं का, असं जाऊबाईंनी मला खरोखर विचारलं. देवाचं दार उघडतं तेच मुळी बर्फ वितळून रस्ता मोकळा झाला म्हणून, एवढा साधा विचार बाकीच्या दहा डोक्यांपैकी एकातही येऊ नये याचं मला नवल वाटलं. मग नवलाची जागा तुच्छतेने घेतली. तिच्यात बरं वाटतं माणसाला.

मी पुन्हा तोंड उघडलं नाही. मनाशी म्हटलं, जा. नेसत्या जीन्सनिशी जा, माकडटोप्या घालून जा, आणि हिरव्या गवतात उभे राहून एकमेकांची तोंडं बघा. त्या दृश्याची मला इतकी गोडी लागली की फेब्रुवारीचा फॉर्म भरून मी स्वतः निघून जावं, हे सुचूनही मी ते मागे टाकत गेले. नवरा एकदा म्हणाला, भाऊला नीट समजावून सांग, तो ऐकेल. मी म्हटलं, मी का सांगू? पंधरा वर्षं पोरांना शिकवतेय, आता घरी येऊन म्हाताऱ्यांचाही वर्ग घेऊ का?

खरं तर संधी चालून आली होती. जानेवारीत दीर वर आले. उस्मानपुऱ्यातल्या ट्रॅव्हल्सवाल्याला टेम्पो ट्रॅव्हलरचे पैसे भरायला निघाले होते. माझा फॉर्म फ्रिजवर चिकटवलेला होता. त्यापुढे उभे राहून त्यांनी तो दोन-तीनदा वाचला, बोट फिरवत. त्यांचं इंग्रजी बेताचं. मग वळून, अगदी साध्या आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्ही त्या दिवशी म्हणत होत्या. मेमधी बर्फ असतंय ना तिकडं? नाय तर अजून पैसे भरलेले नायत."

मी वाटाणे सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "तुम्हाला जास्त माहीत. तुम्ही सगळ्यांना विचारलंयत ना?"

त्यांनी फॉर्मकडे पुन्हा एकदा बघितलं. "व्हय," म्हणाले, आणि खाली उतरून गेले. त्यांची मोटरसायकल फाटकाबाहेर पडल्याचा आवाज ऐकून मला आनंद झाला. तो आनंद मला अजून आठवतो आणि अजून त्याची लाज वाटते.

मेमध्ये निघालो. ज्वारीच्या पिठाचा डबा, ठेचा, गॅसची शेगडी, धपाट्यांचे गठ्ठे, शाहगंजातून आणलेले अकरा स्वेटर. प्रवासात मी फारशी बोलले नाही. गवतावरच्या त्या क्षणासाठी स्वतःला राखून ठेवलं होतं मी. जोशीमठाच्या अलीकडे एका वळणावर चहाला थांबलो. डोंगरातून एक पाईप बाहेर काढलेला होता आणि त्यातून मनगटाएवढी धार रस्त्याकडेच्या दगडांवर पडून तशीच दरीत चालली होती. जाऊबाई गाडीतून उतरल्या त्या सरळ पाईपकडे गेल्या. पाईपच्या खाली हात घातला, वरून चाचपला, मागच्या खडकापर्यंत वाकून बघितलं. त्या तोटी शोधत होत्या. चहावाल्याला त्यांनी मराठीतच दटावलं, किती पाणी चाललंय वाया, बंद कुठून करतात? त्याला शब्द कळले नाहीत, पण रोख कळला. तो म्हणाला, इसका बंद नहीं होता माताजी.

जाऊबाईंना ते पटायला वेळ लागला. मग त्यांनी गाडीतली रिकामी बादली आणली आणि धारेखाली ठेवली. भरली, उपडी केली, पुन्हा ठेवली. पोरं अंगावरच्या कपड्यांनिशी आत शिरली. सासूबाई दगडावर बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि पाय धारेत धरले. थंडीने पाय लाल झाले तरी काढेनात. चहासाठी पाच मिनिटं थांबलेली गाडी दोन तास हलली नाही. मी टेम्पोत बसून हे सगळं बघत होते, आणि मला ते अडाणीपणाचंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी औलीला वर पोचलो. मी म्हटलं होतं तसंच निघालं. लांबवर पांढरी शिखरं, आणि पायाखाली उतारभर हिरवंगार गवत. स्की चालवायची ती घसरण म्हणजे गाईंचं कुरण झालं होतं. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे वळले.

कुणाचाच चेहरा पडला नव्हता. पोरं उतारावरून गडगडत खाली चालली होती. नणंद आणि जाऊबाई चपला हातात घेऊन गवतातून चालत होत्या. सासूबाई एका जागी बसून गवतावरून हात फिरवत होत्या. इतकं हिरवं आमच्यापैकी कुणी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. बर्फ नाही, ही गोष्ट त्या अकरा जणांपैकी माझ्याखेरीज कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. तो हवा होता तो मला एकटीला.

दिरांच्या मात्र थोड्या वेळाने ध्यानात आलं, आणि तेही माझ्यापायी. ते विश्रामगृहाच्या ऑफिसात गेले आणि तिथल्या माणसाला बाहेर घेऊन आले. माझ्याकडे बोट दाखवून त्याला सांगू लागले की या आमच्या मॅडम, प्रोफेसर आहेत, यांना स्की शिकायचंय, फी किती आणि कुठं भरायची. माणूस हसला. बर्फ तर मार्चमध्येच गेला, म्हणाला, जानेवारी-फेब्रुवारीत यायला हवं होतं. पुढच्या वर्षी या. मग माझ्याकडे बघून त्याने वय विचारलं. मी सांगितलं. त्याने हातातलं माहितीपत्रक घडी घालून खिशात ठेवलं.

दीर माझ्याकडे वळले. "तुम्हाला ठावं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "होतं."

"मग मी वर येऊन विचारलं तवा सांगायचं की. आम्ही काय, आम्हाला देवाला यायचंच होतं. तुम्हाला फेब्रुवारीत लावून दिलं असतं. टँकरला मी थांबलो असतो."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं.