माझ्या बरगड्यांचा फोटो

माझा खोकला हटेना, तेव्हा सासूबाईंनी माझं रांगतं बाळ माझ्याजवळून उचललं. क्षयाची शंका होती. ते माजघरात रडायचं आणि मी पडवीत कानांवर हात दाबून बसायचे. सासूबाईंचा मला भयंकर राग यायचा.

शेवटी ह्यांनी मला बोटीने मुंबईला नेलं. तिथल्या इस्पितळात, अंधाऱ्या खोलीत, गार फळीला छाती टेकवून मला उभं केलं. "श्वास धरा," कोणीतरी म्हणालं. यंत्र घुमलं आणि थांबलं. ना दुखलं, ना खुपलं. एवढ्याने काय कळणार, असं मला वाटलं.

पण फिल्म हातात आली आणि मी ती उजेडाशी धरली. काळोखात ओळीने पांढऱ्या बरगड्या! माणसाची हाडं दिसायची ती स्मशानात. मी माझी जिवंतपणी पाहत होते, आणि पाहताना त्यांच्याआड काळीज धडधडत होतं. देवाने एवढं रेखीव काम केलं आणि वर कातडं पांघरून ठेवलं, याचं मला फार नवल वाटलं.

फिल्म आमच्या रत्नागिरीच्या डॉक्टरांना दाखवायची होती. आम्ही घरी परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. मामंजींनी फिल्म खिडकीशी धरली. मधोमध, जरा उजवीकडे, गोल काळा डाग होता. मुंबईत तो मला दिसला नव्हता. रोग बोटीतच वाढला की काय! आत बाळ रडलं. आता ते मला मिळत नाही, एवढंच मला कळलं.

डॉक्टरांनी डागावरून बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"याला कुंकू कोणी लावलं?"

सासूबाई दारात आल्या, बाळ कडेवर. "मीच हो. नवी वस्तू घरात आली, म्हणून काल देवापुढे ठेवली. सुनेचाच फोटो ना तो? कपाळ शोधलं, सापडेना. मग छातीलाच टेकवलं."

डॉक्टरांनी रुमालाने डाग पुसला आणि फिल्म पुन्हा उजेडात धरली. बराच वेळ ते पाहत राहिले.

"फुप्फुसं स्वच्छ आहेत. क्षय नाही."

जिला मी मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहत होते, ती बाई माझ्या हाडांत माझं कपाळ शोधत बसली होती. मला रडू आवरेना.

"घे गो, सांभाळ आपलं," म्हणत सासूबाईंनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. त्याने माझा पदर ओढला आणि त्याच बरगड्यांवर डोकं टेकलं.