एकदाच न वाजलेला अलार्म

मशीन अडकलं की आपला हात आपोआप बटणाकडे जातो. बंद-चालू केलं की झालं! आमच्या परब मॅडमसमोर ते केलंत तर मात्र तुमची खैर नव्हती. "हात लावू नकोस! मेलं नाहीये ते, थांबलंय. आधी विचारू तर दे त्याला!" त्या ओरडल्या की शेजारच्या गाळ्यातली माणसंही डोकवायची.

हाटकेशच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात आम्ही पेशंटच्या खाटेशेजारच्या मॉनिटरचं सॉफ्टवेअर लिहायचो. त्यात एकाच वेळी तीन थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे तीन कामकरी, चालायचे: एक ठोके मोजणारा, एक आकडे दाखवणारा, एक अलार्म वाजवणारा. काही बिघडलं की मॅडम काळ्या पडद्यावर डीबगर, म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून तपासायचं साधन, उघडायच्या, कमांड टाइप करून तिघांना जागच्या जागी उभं करायच्या आणि एकेकाची झडती घ्यायच्या. "तू कुठे होतास? कुणासाठी खोळंबलास?" तेही मोठ्याने, हं! मला हसू आवरायचं नाही.

मग एका चाचणीत आम्ही मशीनला पुरवलेले खोटे ठोके थांबवले आणि अलार्म वाजलाच नाही. एकदाच. डीबगर लावून बसलं की सगळं कसं सुरळीत! त्याने थ्रेडची चाल जराशी बदलते आणि चूक दडी मारते. "भूत आहे ते," मॅडम चिडल्या. "बघणाऱ्यासमोर येत नाही. आपणहून अडकू दे, मग धरते." मशीन तसंच चालू ठेवलं. त्या जेवायला गेल्या, तेवढ्यात ते अडकलं आणि आमच्या मालकाने, शेठने, सवयीने बटण दाबलं.

"मॅडम, ऑफ-ऑन किया, चल गया!" शेठ खूश.

"अटका था, तभी पकड़ना था, शेठ!" मॅडम ओरडल्या. कोणता थ्रेड कुणासाठी अडला होता, ते सगळं पुसलं गेलं होतं. त्यांनी मॉनिटरचा माल अडवायचा खूप प्रयत्न केला; शेठने पाठवलाच. मॅडमनी नोकरी सोडली, पण ते भूत काही त्यांना सोडेना. ओळखीचं कुणीही ॲडमिट असो, त्या भेटायला जायच्या आणि पेशंटच्या आधी मॉनिटरवरचं कंपनीचं नाव वाचायच्या. लोक म्हणायचे, बाई चक्रम आहे.

गेल्या महिन्यात माझी आई भाईंदरला हॉस्पिटलात होती. मॉनिटर आमचाच. मी मॅडमना फोन केला. मॅडम आल्या, नाव वाचलं, स्टूल ओढलं आणि आईचं मनगट धरलं. "जा, जेवून ये. मी बसतेय."

परत आलो तरी त्या तशाच. नर्स हसून म्हणाली, "आंटी, मशीन लावलंय ना? मग कशाला हात धरून बसलाय?"

"लावलंय म्हणूनच," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी नाडी सोडली नाही.